विमानाच्या नाकावरची सुपारी

२ जानेवारी, शुक्रवार

आज पार्सल आलं.
बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या व काड्या, १ संच.
प्लास्टिकचा पंखा, दोन पात्यांचा, १.
रबराची दोरी, १ गुंडी.
पांढरा पातळ कागद, २ ताव.
तार, मणी, इंग्रजी पत्रक.
एकूण ४४९ रु. पोचवणावळ ४० रु. वेगळी.
रसिकाने बंगलोरहून पुण्याच्या दुकानाला मोबाईलवर ऑर्डर दिली. पैसे नको म्हणाली. लेकीचे पैसे म्हणून काय खर्च मांडायचा नाही? मांडला. खोकं मजबूत आहे. पणत्या ठेवायला होईल.

विमान कशासाठी, हे एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझ्याच मनात गोंधळ नको.

माघी पौर्णिमेला सोसायटीचा सत्यनारायण असतो. पूजेला कोणतं जोडपं बसणार यावरून दर वर्षी तोंडं वाकडी होतात. दोन वर्षं लागोपाठ समोरच्या ब्लॉकमधली मंदा आणि तिचे मिस्टर बसले. म्हणे चिठ्ठी निघाली. चिठ्ठ्यांवर माझा विश्वास नाही, आणि तसं मी मीटिंगमध्ये बोलले. तर सेक्रेटरी नीरजभाई म्हणाले, भाभी, चिठ्ठी नहीं तो फिर कॉम्पिटिशन रख देते हैं. त्यांचा भाचा पायलटचं शिकायला गेल्यापासून त्यांना सगळीकडे विमानंच दिसतात. ठरलं असं : २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की ज्यांना पूजेला बसायचंय त्या जोडप्यांनी घरी केलेलं, रबराच्या पिळावर चालणारं, पंख्याचं विमान सोडायचं. ज्याचं जास्त वेळ हवेत, ते पूजेला.

मंदाबद्दल माझ्या मनात काही नाही. फक्त गणपतीत तिने सगळ्यांसमोर माझा मोदक फोडून आत बघितलं आणि विचारलं, "वासंतीवहिनी, नारळ घातलाय की नुसता दाखवलाय?" अख्खी बी विंग हसली. हेसुद्धा हसले.

सूड हा शब्द मला आवडत नाही. न्याय म्हणायचं.

४ जानेवारी, रविवार

पत्रक वाचलं. मॅट्रिकला इंग्रजीत बावन्न मार्क होते, ते आज कामी आले. पंखांनी विमान उचलून धरायचं, पुढच्या पंख्याने ओढायचं, आणि हवा पदर धरून मागे खेचत असते. मला लगेच कळलं. संसारात दुसरं काय असतं?

सगळ्यात जाड अक्षरांत लिहिलंय : वजन कमी ठेवा. गोंद थोडा लावा. जास्तीचं काही नको. म्हणजे काटकसर. विमानशास्त्र हे मुळात माझंच शास्त्र आहे, मला उगीच भीती वाटत होती. ज्या बाईच्या मोदकात नारळ ओसंडून वाहतो तिचं विमान काय उडणार?

ह्यांना विचारलं, पंख्याच्या पात्यांना पीळ कशाला दिलेला असतो? म्हणाले, पंख्याला असतोच. एकतीस वर्षं पंख्याच्या कंपनीत होते. डिस्पॅचला. पंखे खोक्यात घातले, खोकी ट्रकमध्ये घातली.

पत्रकात उत्तर सापडलं. पात्याचं टोक जोरात फिरतं, बुंधा सावकाश, म्हणून दोन्हीकडे कोन वेगळा. ह्यांना समजावून सांगितलं. म्हणाले, अस्सं. आणि पेपर उलटला.

६ जानेवारी, मंगळवार, अंगारकी

कडक उपास. देवळात मोठी रांग. बाप्पाला स्पष्ट सांगितलं, मला जिंकव असं मी मागत नाही, स्वार्थ माझ्या रक्तात नाही. तिचं पाडलंस तरी चालेल.

घरी येते तो मंदाच्या दारात खोकं. तेच दुकान, तेच विमान, तेच चित्र! आमचं खोकं मी कचऱ्यात टाकलं असतं तर नाव तिथून कळलं म्हटलं असतं, पण मी तर ते माळ्यावर ठेवलंय. ह्यांना विचारलं. म्हणाले, तिच्या मिस्टरांनी लिफ्टमध्ये विचारलं, मी सांगितलं, त्यात काय!

त्यात काय! साबुदाण्याची खिचडी ह्यांना अर्धीच वाढली.

१० जानेवारी, शनिवार

सांगाडा तयार. फार सुबक झालाय. एक पंख दुसऱ्यापेक्षा किंचित लांब आहे, पण माणसाचेही दोन हात सारखे नसतात.

रबराची कोरी गुंडी उघडायला जीव होईना. कोथिंबिरीच्या जुड्यांची, औषधांच्या पुड्यांची, मिठाईच्या खोक्यांची रबरं मी अकरा वर्षं डब्यात साठवली आहेत. मंदा एकदा हसली होती त्या डब्याला. त्यातली चांगली निवडून एकात एक गुंफली. पत्रकात रबराला तेल लावा म्हटलंय, म्हणून एरंडेल चोळलं. ह्यांना विमान धरायला दिलं आणि पंख्याला पीळ देत गेले. पीळ देताना मंदाचा चेहरा डोळ्यांसमोर होता, त्यामुळे हात थांबेना.

दोरी तुटली. ह्यांच्या कानावर बसली. कान लाल. वर एरंडेलाचा वास. म्हणाले, मी पूजेला बसणार नाही. असं म्हणतात, बसतात.

उद्यापासून विकतचं रबर. अनुभवाची किंमत असते, ती यात धरायची नाही.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

नीरजभाईंची सगळी मंडळी सकाळपासून गच्चीत. स्पीकर, उंधियो, लपेट लपेट! मी फक्त पडलेले पतंग गोळा केले. नऊ मिळाले. पतंगाचा कागद हलका आणि फुकट. पांढरे दोन ताव जपून ठेवले. पंखांना जांभळा आणि पोपटी लावला. मधे एका तुकड्यावर कोणीतरी "इशू आय लव्ह यू" लिहिलं होतं, तो भाग खालच्या बाजूला घेतला.

संध्याकाळी मंदाकडे तिळगूळ द्यायला गेले. रीत म्हणजे रीत. गोड बोला म्हटलं. तिने लाडू दाताखाली फोडला आणि म्हणाली, "तीळ आहेत हं या वेळी!"

मी हसले. मोदकानंतर हे दुसरं.

तिच्या टेबलावर विमान होतं. पांढरंशुभ्र, तिच्या मिस्टरांनी पट्टीने मोजून केलेलं. अगदी दवाखान्यात असल्यासारखं वाटलं. रंग नाही, जीव नाही. मी म्हटलं, छान आहे हो मंदाताई. सणाला खोटं बोललं तर दोष लागत नाही.

१८ जानेवारी, रविवार

गुप्त चाचणी. सोसायटीत नको म्हणून बसने राई गावाला गेलो, तिथे मोकळं शेत आहे. विमान गव्हाच्या पिशवीत. बांधावर विमलाबाई भेटल्या, त्या आमच्याकडे भाजी घेऊन येतात. "काय गो बाय, आता इमान उरवाला निंगाली?" म्हणाल्या. मी म्हटलं, भाचीचं आहे. भाची मला नाही.

पहिल्यांदा सोडलं. नाक वर केलं, हवेत उभं राहिलं, जणू गॅस चालू ठेवून आल्याचं आठवलं, आणि शेपटीवर बसलं.
दुसऱ्यांदा तसंच.
तिसऱ्यांदा विमलाबाई म्हणाल्या, "याला जावाचा न्हाय कुठं." त्यांना त्यातलं काय कळतंय!

बसमध्ये ह्यांनी पत्रक उघडलं. त्यात म्हणे लिहिलंय, पंखांखाली दोन बोटांवर विमान तोला, मागे झुकत असेल तर नाकाला माती लावा. मी म्हटलं, आधी वजन कमी करा म्हणतात, मग माती लावा म्हणतात, लिहिणारा एकच आहे की दोन? आणि माती पाठवलेली नाही. ४४९ रुपयांत चिमूटभर माती नाही! पुणे.

खरा दोष राईच्या हवेचा. खाडीची हवा दमट असते.

२२ जानेवारी, गुरुवार, गणेश जयंती

आजचं सविस्तर लिहिते.

पहाटे अंघोळ करताना सुचलं. इतक्या दिवसांत विमानावर देव बसवलाच नव्हता! माझ्या हातून अशी चूक व्हावी? सुपारी धुतली, शेंदूर लावला, गणपती म्हणून पूजा केली, दूर्वा वाहिल्या, आणि मेणाने विमानाच्या नाकावर घट्ट बसवली. मंदा देवळात गेलीय हे बघून खाली मागच्या मैदानात गेलो. पीळ दिला. सोडलं.

उडालं!

नाक वर नाही, खाली नाही. सरळ चढलं, स्कूटरच्या स्टँडवरून मोठं वळण घेतलं, पंखा थांबल्यावरसुद्धा तरंगत राहिलं आणि वॉचमनच्या खुर्चीजवळ अलगद टेकलं. वॉचमन उभा राहिला. प्रदक्षिणाच ती. डावीकडून घातली, पण बाप्पांनी कुठून जायचं हे मी कोण सांगणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हे म्हणाले, बघ, नाकाला वजन हवंच होतं. सुपारीच्या वजनाने तोल आला.

मी शांतपणे विचारलं, वजनाने विमान उडतं की पडतं? म्हणाले, वजन कुठे आहे त्यावर आहे. मी म्हटलं, देवाला वजन म्हणणाऱ्या माणसाने आज मोदकाला हात लावू नये. लावला. तीन खाल्ले.

२३ जानेवारी, शुक्रवार

पूजेची तयारी करून ठेवलेली बरी.
साडी : मोरपंखी पैठणी, रसिकाच्या लग्नातली.
मंदाला तीर्थ : शेवटी.
मंदाला प्रसाद : द्रोण पूर्ण भरून, वर बदाम. आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, "मंदाताई, बदाम घातलाय हं, नुसता दाखवला नाहीये."
हे वाक्य आरशासमोर बोलून पाहिलं. "हं" जरा लांबवायचा.
पूजेची भांडी कोणी घासायची? मंदाला विचारायचं, जमेल का तुम्हाला, कंबर दुखते ना? असं विचारलं की ती नाही म्हणणार नाही.

भक्तीने मन किती शांत होतं!

२५ जानेवारी, रविवार, रथसप्तमी

आमच्याकडे हळदीकुंकू. वाण : चहाच्या गाळण्या, घाऊक भावात. प्रत्येकीच्या ओटीत मूठभर गहू, हळकुंड, सुपारी. सुपाऱ्या एकवीस आणल्या होत्या. बायका बावीस आल्या. बाविसावी मंदा.

ती सोफ्यावर टेकली आणि सगळ्यांना सांगत सुटली, अगं आमचं ते विमान, नुसतं नाक वर करतं नि शेपटीवर पडतं, हे वैतागलेत, उद्या काय हसं होतंय कोण जाणे. मी तोंडावर पदर घेतला. चेहऱ्याची काही खात्री नव्हती.

आता सुपारी कुठून आणायची? स्वयंपाकघरात गेले, आणि समोर विमान. एका क्षणात सगळं लख्ख दिसलं.
एक, नाकावरच्या गणपतीची उत्तरपूजा आज सकाळीच झाली होती, म्हणजे आता ती सुपारी नुसती सुपारी. आशीर्वाद विमानात उतरलाय, तो राहतोच. आपण गणपती बोळवतो म्हणून घर काय उघडं पडतं?
दोन, ती काढली की विमान आणखी हलकं. पत्रकाचं पहिलंच वाक्य.
तीन, विसर्जनाला राईच्या खाडीवर जायचं म्हणजे दोघांचं बसभाडं, येऊन जाऊन.
चार, वैरिणीसाठी नवी सुपारी आणायला मी दुकानात धावणार नाही.

खुडून काढली, शेंदूर पदराला पुसला, मंदाच्या ओटीत घातली. गहू, हळकुंड, सुपारी. वर म्हटलं, अखंड सौभाग्यवती व्हा. मनात म्हटलं, आमच्या विमानाचं ओझं तुझ्या पदरात.

एवढं समाधान बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी सात

स्नान, स्तोत्र, सगळं झालं. विमान हातात घेतलं तर पिसासारखं हलकं. ह्यांनी निरखून पाहिलं आणि विचारलं, सुपारी कुठे गेली? मी म्हटलं, कामाला लागली. म्हणाले, अगं पण... मी म्हटलं, सणाच्या दिवशी पण नको.

२६ जानेवारी. दुपार

लिहायचं म्हणून लिहिते.

झेंडावंदन, जिलेबी, मग विमानं. सी विंगच्या इशिताचं विमान थेट झेंड्याच्या माळेत शिरलं आणि तिथेच राहिलं. मग आमची पाळी. हे धरून उभे, मी पीळ दिलेला. नीरजभाई मोबाईलमधलं घड्याळ घेऊन तयार. मी गणपती बाप्पा म्हटलं, लोक मोरया म्हणाले. सोडलं.

नाक वर केलं. उभं राहिलं. लोकांनी माना वर केल्या होत्या त्या तशाच खाली आणल्या. जिलेबीच्या ताटात शेपटीवर बसलं, शेपटी मोडली. पंखा फिरत होता, त्याने पाक उडवला. पहिल्या रांगेवर.

नीरजभाई म्हणाले, "भाभी, टाइम स्टार्ट ही नहीं हुआ."

मग मंदा. तिच्या मिस्टरांनी विमान उचललं तेव्हाच माझं लक्ष नाकाकडे गेलं. पांढऱ्याशुभ्र विमानाच्या नाकावर काहीतरी गोल, तांबूस.

ते चढलं. झेंड्याला डावीकडून वळसा घातला, पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं, पंखा थांबला तरी उतरायला तयार नाही. लहान मुलं खालून धावत होती. टाळ्या. हेसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी बघितलं तर म्हणाले, उडतंय ना पण.

मंदाने माईक घेतला. माईक मिळाला की ती सोडत नाही. म्हणाली, "हे श्रेय आमच्या वासंतीवहिनींचं! काल त्यांनी ओटीत सुपारी घातली. सुवासिनीच्या हातची सुपारी म्हणजे गणपतीच, म्हणून आम्ही ती विमानाच्या नाकावर बसवली आणि बघा! आणि वहिनींची माया किती, सुपारीला आधीच शेंदूर होता, मेणसुद्धा होतं. आम्हाला काही करावंच लागलं नाही!"

बावीस बायका तिथे होत्या. एकवीस जणींनी एकमेकींकडे पाहिलं. पहिल्या रांगेतून कोणीतरी विचारलं, "म्हणजे वापरलेली?" मग जे हसू झालं त्यापुढे मोदकाचं काहीच नव्हतं.

२७ जानेवारी, मंगळवार

दोष कोणाचा ते ठरवलं.
जिलेबीचं ताट मधे ठेवलं होतं. वारा उलटा होता. नीरजभाईंनी तिला जास्त वेळ दिला. पत्रक अपुरं आहे. ह्यांनी सोडताना हात हलवला.

हे म्हणाले, दोन बोटांवर तोलून बघू का एकदा? नको म्हटलं. मग हे देवळात गेल्यावर तोललं. मागे झुकलं. नाकावर गुळाचा खडा ठेवला. सरळ झालं. खडा काढला. झुकलं.

गूळ खाऊन टाकला.

३० जानेवारी, शुक्रवार

नीरजभाई आले होते. पूजेला मंदा आणि मिस्टर. शिऱ्याचं काम कोणाकडे? म्हणे मंदानेच सुचवलं, शिरा वासंतीवहिनींच्या हातचा, "माप मी देते."

माप मी देते! हे तिसरं. प्रसादाला नाही म्हणता येत नाही हे तिला पक्कं ठाऊक. आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर, सगळं सव्वाच्या मापाने सारखं. चमचाभरही इकडेतिकडे करायची सोय नाही. शास्त्रात माणसाला हात आखडायला जागाच ठेवलेली नाही.

ठरवलंय. करणार. असा करणार की तिची जीभ कायमची गप्प.

१ फेब्रुवारी, रविवार, माघी पौर्णिमा

शिरा उत्तम झाला. दाणा दाणा मोकळा, तूप कडेला सुटलेलं. बदाम मी माझ्या घरचे घातले, मापाबाहेरचे. सगळे बोटं चाटत होते. मंदाने पैठणी नेसली होती. मोरपंखी. द्रोण तोंडाशी नेला, डोळे मिटले. म्हणाली, "तूप दिसतंय हं या वेळी!"

हे चौथं.

पूजा संपल्यावर पूजेला बसलेल्या बाईने सवाष्णींच्या ओट्या भरायच्या असतात. माझी पाळी आली. मी पदर पुढे केला. तिने तांदूळ घातले, नारळ घातला, खण घातला. मग मुठीतून काहीतरी हळूच सोडलं, जवळ वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "वहिनी, तुमची तुमच्या घरी."

घरी येऊन पदर उलगडला. सुपारी. शेंदूर धुतलेला, पण खालच्या बाजूला माझं मेण तसंच.

देव्हाऱ्यापाशी बराच वेळ बसले. ह्यांनी चहा करून आणला, साखर जास्त घातलेली. मग म्हणाले, पुढच्या वर्षी चिठ्ठ्याच टाकायला सांगू का? मी म्हटलं, खबरदार!

जुनी कोरी पोस्टकार्डं घरात आहेतच, त्यातलं एक घेतलं. फोनवर बोललं की माणसं विसरतात. पत्र पुण्याच्या दुकानाला. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवते.

"सा. न. वि. वि. आपल्याकडून घेतलेल्या विमानाची शेपटी मोडली असून शेपटीपुरत्या पट्ट्या सुट्या मिळतील काय? संपूर्ण नवीन संच घ्यावा लागल्यास जुन्या गिऱ्हाइकाला काय भाव पडेल? रबराची गुंडी व पांढरा कागद वगळून भाव सांगावा, ते शिल्लक आहे. तसेच नाकाला लावायची माती पाठवू नये. वजन आमच्याकडे घरचं आहे. पुढील प्रजासत्ताक दिनाआधी सराव करायचा असल्याने उलट टपाली कळवावे."